दोन सह्या

बाभुळगावला माझ्या पुतण्याचं घर आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत त्याच्या दोन वर्षांच्या मुलीचे हात-पाय अचानक सुजले. अंगात ताप होता. कडेवर घेतलं तरी ती रडे, खाली ठेवलं तरी रडे. कुणी म्हणालं दात येताहेत, कुणी म्हणालं नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. तिसऱ्या दिवशी ओळखीची आशा कार्यकर्ती आली. तिनं सूज पाहिली आणि माझ्या वहिनीला म्हणाली, "काकू, नजर उतरवाची तं उतरवा, पन आधी रक्त तपासून घ्या."

तपासणीत सिकलसेलची शंका आली. पण या पहिल्या, साध्या तपासणीतून मूल आजारी आहे की नुसतं वाहक, ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी तपासणी लागते. म्हणजे यवतमाळची फेरी, पुन्हा सुई आणि मग निकालाची वाट पाहणं.

दोन वर्षांच्या मुलाची शीर सापडणं सोपं नसतं. पहिल्या वेळी सूनबाईनं पोरीला सांगितलं होतं, "दुखत नाही." सुई टोचली आणि पोरीनं आईकडे असं काही पाहिलं, की त्या माउलीला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "दुखते माय, पन मी धरून हावो न." पोर रडली, पण या वेळी आईच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. लहान मुलांशी खरं बोलावं, हे मी साठी उलटल्यावर त्या मुलीकडून शिकलो.

निकाल यायला दिवस लागले. त्या दिवसांत वहिनीनं कळंबच्या चिंतामणीला नवस बोलला. गुरुदेव सेवा मंडळाच्या सायंप्रार्थनेला ती नातीला मांडीवर घेऊन बसू लागली. मंडळातले एक वयस्क गृहस्थ यवतमाळला सोबत आले आणि चिठ्ठीच्या रांगेत उभे राहिले. शेजारणींनी सूनबाईच्या वाट्याचा कापूस वेचून दिला. मी फारसा देवभोळा नाही. पण निकालाआधीच्या रात्री माणसाला काहीतरी धरून बसावं लागतं, हे मला मान्य आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्राम-आरोग्यावर स्वतंत्र अध्यायच लिहिला. प्रार्थना आणि दवाखाना यांचं वैर त्यांनी कधी मानलं नाही. मग आपण का मानावं?

निकाल आला. पोरीला सिकलसेलचा आजार होता. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वेदना त्यामुळे होतात आणि सूजही त्यामुळेच येते.

इथवर सगळं गाव आमच्यासोबत होतं. पण निकाल कळला आणि सांत्वनाला आलेल्याच तोंडांतून कुजबुज सुरू झाली. 'तिच्या माहेरचंच असंल.' सूनबाई एकदा मला म्हणाली, "मामाजी, माह्याच रक्तात खोट हाये म्हन्तेत." मला उत्तर सुचलं ते माझ्या जुन्या नोकरीतलं. बँकेत काही जॉइंट खाती अशी असतात, की दोन सह्या असल्याशिवाय पैसे निघत नाहीत. हा आजारही तसाच. आई आणि वडील, दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्याशिवाय तो मुलात उतरत नाही. एकीच्या सहीनं तो येतच नाही.

आईची तपासणी कुणीही न सांगता झाली होती. बापाला मात्र समजवावं लागलं. पुतण्या आठ दिवस टाळत राहिला. शेवटी त्याच्या आईनंच त्याला दवाखान्यात नेलं. तोही वाहक निघाला. त्या दिवसापासून कुजबुज थांबली. पण ती थांबायला कागद लागला, याची मला लाज वाटते. आणखी एका गोष्टीची लाज वाटते. हे लग्न ठरवायला मीच गेलो होतो. मुलीकडच्यांनी आमचा सातबारा पाहिला, आम्ही पत्रिका पाहिली. रक्ताचा कागद कुणीच मागितला नाही.

आई-वडील दोघं वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नाआधी कळू शकतं. आमचा विदर्भ या आजाराच्या पट्ट्यात येतो. आदिवासी समाजांत तो अधिक आहे, पण इतर समाजांतही आहे. तो एकाच जातीचा म्हणून बोट दाखवायची सोय नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार हटवायचा, असा तिचा संकल्प आहे. पण सरकार तपासणी करील, कुजबुज बंद करणं आपल्याच हाती आहे. शिवाय नुसता वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्या कारणानं कुणाची मुलगी नाकारली, तर तपासणीचा कागदही पत्रिकेसारखाच छळ करील.

आज पोरीची औषधं नियमित सुरू आहेत. लसी दिल्या आहेत. तिला भरपूर पाणी पाजायचं, थंडी-उन्हाला जपायचं, ताप आला की घरी थांबायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना पाठ झालं आहे. प्लीहा वाढली का, हे पोटाला हात लावून कसं पाहायचं, ते डॉक्टरांनी आईला शिकवलं. मी हट्टानं बापालाही शिकवायला लावलं.

नवस फेडायला आम्ही सगळे कळंबला गेलो होतो. आजार गेलेला नाही, मग नवस कसला फेडता, असं कुणीतरी विचारलं. वहिनी म्हणाली, "पोरगी बरी होऊ दे म्हनून बोललीच नव्हती मी. आमी एकमेकाले सोडू नये, एवढंच मागतलं होतं."