खाते मिळाले, पत कोठे आहे?

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा केवळ मालकी बदलावी एवढीच अपेक्षा नव्हती. ठेवी साऱ्या समाजाच्या आणि कर्जे मूठभर उद्योगघराण्यांना, ही विषमता मोडावयाची होती. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने क्षेत्रवार नियोजनाचा आग्रह धरला आणि त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत अग्रणी बँक योजना उभी राहिली.

त्या अपेक्षेचे आज काय झाले? २०१४ साली सुरू झालेल्या जनधन योजनेची खाती ५० कोटींवर गेली आहेत. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु खाते म्हणजे पत नव्हे. खात्यातून तरुणाचा पैसा बँकेत जातो. बँकेचा पैसा त्याच्याकडे येण्याची वाट मात्र अरुंदच राहिली आहे.

आयटीआयमधून बाहेर पडलेला तरुण वेल्डिंगचे दुकान घालू पाहतो. त्याच्याकडे पूर्वीच्या कर्जफेडीचा पुरावा मागितला जातो. ज्याला कर्जच मिळाले नाही, त्याने फेडीचा दाखला आणावा कोठून? सातबारा वडिलांच्या नावावर; मुलीच्या नावावर तर बहुधा काहीच नाही. लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जास तारण घेऊ नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच घातला. पण तो दंडक अर्जदाराला सांगण्याची तसदी कोण घेतो?

बँकेच्या दारातून परतलेला हा तरुण मग मोबाईलवरील कर्जाच्या ॲपकडे वळतो. तेथील गैरप्रकार इतके वाढले की, २०२२ साली रिझर्व्ह बँकेला स्वतंत्र नियम करावे लागले. सावकार गेला नाही. तो खिशात येऊन बसला आहे.

बँकेतील पैसा ठेवीदारांचा आहे, तो उधळता येणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. १९८० नंतरच्या दशकातील कर्जमेळाव्यांनी हा धडा दिलाच आहे. म्हणूनच आपली मागणी खिरापतीची नसावी. अर्ज नाकारल्यास लेखी कारण द्यावे, कर्जानंतर धंद्याला मार्गदर्शन मिळावे आणि तिशीच्या आतील किती अर्जदारांना कर्ज मिळाले, याचा हिशेब अग्रणी बँकेने जिल्हा सल्लागार समितीपुढे मांडून प्रसिद्ध करावा, एवढेच मागावयाचे आहे.

कार्यकर्त्यांनी एका तरी तरुणासोबत बँकेत जाऊन त्याच्या अर्जाची पोच घ्यावी. राष्ट्रीयीकरणाचे अपुरे राहिलेले काम तेथूनच पुढे न्यावे लागेल.