ग्योझाचं सोवळं

"व्हेज ग्योझा? म्हणजे अंड्याशिवाय आम्लेट!" टोक्योत ऑनसाइट असताना टीममधल्या मित्राने मारलेला टोमणा. मी शाकाहारी, आणि तिथे ग्योझाच्या सारणात बहुतेक वेळा डुकराचं मांस. कित्येक महिने मी नुसत्या वासावर काढले.

मग जरा वाचलं. ग्योझा मूळचा चिनी, 'जिआओझी'. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या जपानी लोकांमुळे तो जपानभर पसरला. चीनमध्ये उकडलेला जास्त चालतो. जपानमध्ये पारी पातळ झाली आणि तो तव्यावर गेला. आता बोला! ज्याने स्वतःच एवढा वेष बदलला, त्याचं सारण मी बदललं तर बिघडलं कुठे?

म्हणून एका रविवारी खोलीवरच घाट घातला. पाऱ्या सुपरमार्केटमधल्या तयार. पहिले डझनभर तव्यावरच शहीद झाले, कारण कोबीचं पाणी. मंडळी, खरी मेख इथेच आहे. 300 ग्रॅम कोबी बारीक चिरा, अर्धा चमचा मीठ लावून 10 मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. त्यात परतलेले शिताके मशरूम, कुस्करलेला टोफू, आलं-लसूण, तिळाचं तेल. मोदकाच्या कळ्या पाडता येत असतील तर चुण्यांची काळजी नको, फक्त इथे त्या एकाच बाजूला घालायच्या. तेलावर तळ लालसर झाला की थोडं पाणी, वर झाकण. पाणी आटलं की झाकण काढून पुन्हा कुरकुरीत करायचं. सोबत सोया सॉस आणि व्हिनेगर.

पुढच्या रविवारी तोच मित्र जेवायला आला. 14 खाल्ले. आम्लेटचा विषय निघाला नाही.