जाळं पाण्यात टाकायच्या आधी सांधतात, संस्थेच्या कम्प्युटरचंही तसंच



सभेचे दिवस आले की आता बऱ्याच संस्थांत एक नवा विषय निघतो. ऑफिसचे कम्प्युटर जुने झालेत, नवे घ्यायचे. मग कुणी म्हणतं, "चाललंय की, कशाला खर्च?" कुणी म्हणतं, "सगळंच नवं आणा एकदाचं." आमच्या मते दोघंही घाई करतात. घ्यायचं का नाही, यापेक्षा कोणत्या क्रमानं करायचं हा प्रश्न मोठा आहे.

आधी आत्ताच ही वेळ का आली ते बघू. बहुतेक संस्थांत विंडोज १० वर चालणारे कम्प्युटर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे फुकट सुरक्षा अपडेट बंद झाले. नोंदणी केली तर आणखी काही काळ मुदत मिळते, पण तीही मर्यादितच. विंडोज ११ टाकावं म्हटलं तर जुन्या मशिनवर ते बसत नाही. प्रोसेसर नवा लागतो, टीपीएम नावाची सुरक्षेची चिप लागते. म्हणजे मशीन सुरू होतं, दिसायला ठीक असतं, पण जाळ्याला भोक पडलेलं असतं. आपण बारीक भोक बघून न बघितल्यासारखं केलं की पुढं काय होतं, ते कारंजावर उतरणाऱ्या माणसाला सांगायची गरज नाही.

"आपल्या एवढ्याशा सोसायटीत चोराला काय मिळणार?" असं विचारणारे पुष्कळ आहेत. हा हल्ला माणूस बघून होत नाही, भोक बघून होतो. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज नावाच्या कंपनीवर असाच हल्ला झाला. ही कंपनी लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना कम्प्युटरची सेवा देते. जवळपास तीनशे लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार अडकले. मुंबईतल्या मोठ्या बँका चालू होत्या, अडकला तो गावाकडचा खातेदार.

आणि मोठे वाचतात असंही नाही. २७ जून २०१७ ला मर्स्क या जगातल्या मोठ्या जहाज कंपनीचे कम्प्युटर एका दिवसात बंद पडले. आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात तिचं एक टर्मिनल आहे, तिथलं कामही ठप्प झालं. रोग कुठून आला? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! पुढं तो ज्या भोकातून पसरला, त्यातल्या एकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. पुष्कळ जणांनी लावलं नव्हतं.

यातली खरी शिकायची गोष्ट पुढं आहे. मर्स्ककडे सगळ्या नेटवर्कची मुख्य नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ते एकमेकांची नक्कल ठेवायचे. त्यांना वाटलं, एवढ्या नकला आहेत, भीती कसली? पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का? तर तिथं त्या वेळी लाइट गेली होती! आपल्याकडं लाइट गेली की आपण शिव्या देतो, तिथं त्याच लाइटनं कंपनी वाचवली. मग त्या नोंदीवरून ४५,००० कम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत परत उभे केले. तोटा २५ ते ३० कोटी डॉलरचा झाला.

म्हणून आमचं म्हणणं असं: नव्या मशिनच्या कोटेशनच्या आधी नक्कल करा. तीन प्रती हव्यात. एक कम्प्युटरमध्ये, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक ऑफिसच्या बाहेर. ती हार्डडिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवायची. कायम जोडलेली नक्कल ही नक्कल नव्हे. आणि महिन्यातून एकदा त्या नकलेतून एखाद्या सभासदाचं खातं उघडून बघा. उघडलं तरच ती खरी.

दुसरं, यादी करा. मशीन किती, त्यावर काय चालतं, वजनकाटा कशाला जोडलाय, प्रिंटर कोणता, राउटरचा पासवर्ड कुणाकडं. बऱ्याच ठिकाणी पासवर्ड एकट्या क्लार्कच्या डोक्यात असतो. क्लार्क कितीही इमानी असला तरी तो आजारी पडतो, त्याची बदली होते. पासवर्ड बंद पाकिटात, चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांच्या सहीनं ठेवा.

तिसरं, सगळं एकाच दिवशी बदलू नका. आधी एक मशीन बदला. त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतंय का, पावती निघते का, काटा बोलतो का ते बघा. आठ-पंधरा दिवस वहीतली कीर्द आणि कम्प्युटर दोन्ही चालू ठेवा, संध्याकाळी मेळ घाला. जमलं तर पुढचं मशीन. आणि हे काम मासळीचा जोर असताना नको, धंदा थंड असताना करा. जाळं सांधायचा वेळ तोच असतो ना?

आता आपल्या सीमाभागाची वेगळी अडचण. जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात नावं जातात तेव्हा घोळ होतो. मराठीत ज्ञानोबा इंग्रजीत डी अक्षरानं लिहितात, कन्नड पद्धतीनं लिहिणारा जी किंवा जे लावतो. आधारवर एक, पासबुकावर दुसरं, संस्थेत तिसरं. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडच्या घरांत हा ताप नवा नाही. पण आता राष्ट्रीय मत्स्यपालन डिजिटल मंचावर मच्छीमारांची आणि संस्थांची नोंदणी चालू आहे. मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूला ५ लाखांचा विमा आहे. माणूस पाण्यात गेल्यावर बायको-लेकरांनी एका अक्षरासाठी ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या का?

तेव्हा नवं सॉफ्टवेअर आलं की सभासदांची छापील यादी संस्थेच्या भिंतीवर लावा. नाव, वारसाचं नाव, भागाची रक्कम. प्रत्येकानं, विशेषतः घरातल्या बायांनी, येऊन ती वाचावी आणि सही करावी. इंजिनिअर मशीन बसवून जाईल, पण आपलं नाव बरोबर आहे की नाही, हे आपल्याशिवाय कुणाला कळणार?

खर्चाचं म्हणाल तर तीन कोटेशन घ्या, बिघाड झाल्यावर किती दिवसांत माणूस येणार ते लिहून घ्या, आणि नुसतं मशीन नको, क्लार्कला शिकवायचे दिवसही त्यात धरा. पैसे कमी असतील तर आधी हार्डडिस्क आणि यूपीएस घ्या, कम्प्युटर नंतर. उलटं केलं तर दिखाऊ होईल, टिकाऊ नाही.

पुढच्या सभेत तुमच्या चेअरमनला एकच प्रश्न विचारा: आपल्या संस्थेची नक्कल कुठं आहे, आणि ती शेवटची कधी उघडून बघितली? उत्तर लगेच मिळालं तर संस्था नीट हातात आहे. उत्तर मिळालं नाही, तर खर्चाचा ठराव थांबवा आणि आधी त्या कामाचा ठराव घ्या.