हिरव्या टोपीचा बाहुला

मोठ्या माणसांना भेटवस्तू देणं सोपं असतं. साडी द्या, शर्टपीस द्या, नाहीतर चांदीची वाटी द्या. आवडली नाही तरी ती मंडळी 'अगबाई, किती छान!' म्हणतात आणि वस्तू कपाटात जाते. मुलांना हे नाटक जमत नाही. त्यांचा चेहरा अर्ध्या क्षणात सगळं सांगून टाकतो.

माझा भाऊ नोकरीच्या निमित्ताने चंदीगडला असतो. त्याला दोन मुलगे. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सात. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे जायला निघाले, तेव्हा भावजयीला फोन करून विचारलं, ''मुलांना काय आणू गं?'' ती म्हणाली, ''ताई, थोरल्याला पुस्तकं आणा. आणि धाकट्याला काय, तो त्या मारिओच्या गेममध्ये बुडालेला असतो!''

झालं! मी दुकानात गेले आणि मारिओचा कापडी बाहुला घेतला. लाल टोपी, झुपकेदार मिशा, निळा पोशाख. मारिओ कोण हे मलासुद्धा माहीत होतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले, तेव्हा हाच मिशीवाला उड्या मारत असे. मग चूक होईलच कशी?

पण धाकट्याने बाहुला हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, ''हा दादाचा आहे.'' आणि नेऊन थोरल्याच्या पलंगावर ठेवला. रुसवा नाही, रडणं नाही. मलाच वाईट वाटलं. 'इतकं हौसेने आणलं आणि मुलाला कौतुक नाही,' असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅपिटल कॉम्प्लेक्स पाहायला गेलो. विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय अशा ल कार्बुझिए यांच्या तीन भव्य इमारती इथे आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकाबरोबर गटाने आत जावं लागतं. इमारती पाहत पाहत आम्ही त्या प्रसिद्ध 'उघड्या हाता'पाशी पोहोचलो. सुमारे २६ मीटर उंचीचं हे धातूचं शिल्प वाऱ्याबरोबर फिरतं. कार्बुझिए १९६५ मध्ये गेले. हात प्रत्यक्ष उभा राहिला तो १९८५ मध्ये. आम्ही बराच वेळ मान वर करून थांबलो, पण त्या दिवशी वाराच नव्हता. हात काही हलला नाही.

मार्गदर्शक सांगत होते, हा हात देण्यासाठी उघडा आहे आणि घेण्यासाठीही. ते ऐकलं आणि कालचा प्रसंग आठवला. मी दिलं होतं खरं, पण देण्याआधी त्या मुलाकडून काही घेतलं होतं का? साधी त्याची आवड तरी?

तिथेच पायरीवर बसून मी धाकट्याला विचारलं, ''कालचा बाहुला तुला का नाही आवडला रे?''

''आवडला ना! पण मी लुईजी आहे.''

''म्हणजे?''

''दादा पहिला खेळतो ना, म्हणून तो मारिओ. मी दुसरा. मी लुईजी.''

मग सगळी हकिगत कळली. लुईजी हा मारिओचा भाऊ. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स' या गेममध्ये तो आला, तो दुसऱ्या खेळाडूसाठी. त्या वेळी दोघांत फरक होता तो रंगाचाच. पुढे लुईजी उंच आणि सडपातळ झाला, त्याला हिरवी टोपी मिळाली आणि स्वभावही मिळाला, भित्रेपणाचा! २००१ मध्ये त्याचा स्वतःचा गेम आला. त्यात तो भुतांच्या वाड्यात हरवलेल्या मारिओला शोधायला जातो.

''आत्या, तो खूप घाबरतो,'' धाकटा सांगत होता, ''पण तरी जातो.''

वाचकहो, ज्या घरात दोन भावंडं आहेत तिथे धाकट्याच्या वाट्याला दुसरा नंबर, थोरल्याचे आखूड झालेले कपडे आणि जुनी पुस्तकं येतात. त्या दुसऱ्या नंबरातच या मुलाने आपला एक नायक शोधला होता. आणि मी पुण्याहून एवढ्या लांब त्याच्यासाठी पुन्हा थोरल्याचाच नायक घेऊन आले होते!

संध्याकाळी आम्ही दोघंच बाजारात गेलो. एका दुकानात दोन लुईजी मिळाले. एक स्वस्त आणि मोठा, दुसरा लहान आणि थोडा महाग. मोठ्याची मिशी नुसती चिकटवलेली, काखेतली शिवण उसवू लागलेली, एक प्लॅस्टिकचा डोळा ओढल्यावर हलत होता. लहानाचे डोळे मात्र भरतकामाचे, शिवण पक्की आणि चिठ्ठीवर आयएसआयचं चिन्ह होतं. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना हे चिन्ह आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर सुटे डोळे आणि बटणं अगदीच टाळा. ती तोंडात जातात. धुण्याची सूचनाही वाचून घ्या, कारण असा बाहुला जेवताना, झोपताना, प्रवासात सगळीकडे बरोबर असतो.

आम्ही लहान लुईजी घेतला. निवड त्याची, पैसे माझे. एरवी मी मोठाच उचलला असता, कारण देणाऱ्याला वस्तू मोठी दिसायला हवी असते. पण मुलाला ती कुशीत मावायला हवी असते.

पात्रांच्या बाबतीत आपण मोठी माणसं हमखास चुकतो. जे नाव आपल्याला ठाऊक, तेच मुलाचं लाडकं असं धरून चालतो. त्यावर सोपा उपाय आहे. ''तुला कोणता गेम आवडतो?'' एवढ्यावर थांबू नका. ''त्यात तू कोण असतोस?'' असं विचारा. मुलाला नवलाची भेट द्यायची असेल तर त्याच्या भावंडाला विचारा, त्याच्या वहीवरची चित्रं पाहा, किंवा दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसून त्याचा खेळ बघा.

आणि त्या मारिओचं काय झालं? ''मी आता मोठा झालो, बाहुल्या नकोत,'' असं थोरल्याने जाहीर केलं होतं. पण सकाळी पांघरुणांच्या घड्या घालायला गेले, तर त्याच्या रजईतून लाल टोपी डोकावत होती. मी ती पुन्हा झाकून ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.