मुक्या पाखराचे दुखणे

बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा बजरीगर आपला आजार शेवटपर्यंत लपवतो. रानात अशक्त दिसणाऱ्या पाखरावरच शिकाऱ्याची झडप पडते. म्हणून पाळणाऱ्यानेच सावध असावे. दिवसाही पिसे फुगवून पेंगणे, दांडी सोडून तळाशी बसणे, श्वासागणिक शेपटी हलणे, विष्ठेचा रंग वा घट्टपणा बदलणे ही लक्षणे गंभीर होत. वाटी भरलेली दिसली तरी वर राळ्याची फोलपटेच असू शकतात. ती फुंकून पाहावीत. वजन नित्य तोलावे. ३५ ग्रॅमचे पाखरू ३१ ग्रॅमवर आले, छातीचे हाड हाताला टोचू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला ऊब द्यावी आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. पिंजऱ्यातील जीव सर्वस्वी पाळणाऱ्याच्या नजरेवर विसंबून असतो.