रोगप्रतिकारशक्ती वाढवावी, पण कोणाची?

२०२० च्या साथीपासून आपल्या औषधी दुकानांच्या फळ्यांवर 'रोगप्रतिकारशक्तिवर्धक' या शब्दाने फार मोठी जागा व्यापली आहे. काढा, अवलेह, वटी, घृत, कशावरही तो छापला जातो, आणि रुग्णही 'शक्ती वाढेल असे काहीतरी द्या' म्हणतच समोर येऊन बसतो. वारंवार होणाऱ्या सर्दीपडशात या शब्दाने फारसे बिघडत नाही. मेंदूच्या विकारांत मात्र तो सरसकट वापरणे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत असून त्याची कारणे व्यवसायबंधूंपुढे मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

१८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले तेव्हा इतर अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. मेंदूला त्या रंगाची ओढ नसावी, असा त्यांनी तर्क केला. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये रंग थेट मस्तिष्कद्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि शरीर कोरे राहिले. अर्थात मध्ये काहीतरी आडवे येत होते. १९६७ मध्ये रीझ व कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले की, मेंदूतील केशवाहिन्यांच्या अंतःस्तराच्या पेशी एकमेकींशी अत्यंत घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. हाच रक्त-मस्तिष्क अवरोध. ही दगडी भिंत नव्हे. जिवंत पेशींची ती चौकी आहे आणि तिला रक्तातून सतत निरोप येत असतात.

हे निरोप म्हणजे सायटोकाइन. जंतुसंसर्गात किंवा दाहात टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा यांसारखे संकेत वाढले की या पेशींच्या पृष्ठभागावर श्वेतपेशींना धरून ठेवणारे रेणू उमटतात, श्वेतपेशी तेथे चिकटतात, काही विकरे सांधे सैल करतात आणि द्रव आत झिरपतो. हातापायावर सूज आली तर त्वचा ताणून जागा देते. कवटी देत नाही.

क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाचे उदाहरण आपल्या प्रांतातील प्रत्येक वैद्याला ठाऊक असले पाहिजे. त्यात क्षयजंतूंइतकीच हानी शरीराच्या स्वतःच्या दाहाने होते: मेंदूच्या तळाशी घट्ट स्राव साचतो, धमन्या सुजून पक्षाघात होतो, मस्तिष्कद्रवाचा मार्ग तुंबतो. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयविरोधी औषधांच्या जोडीला डेक्सामेथासोन दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण सुमारे ३२ टक्के, तर न दिलेल्या गटात सुमारे ४१ टक्के होते. प्रतिकाराचा जोर कमी करणाऱ्या औषधाने प्राण वाचले, ही गोष्ट 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणणाऱ्याने क्षणभर थांबून वाचावी. एचआयव्हीबाधित रुग्णांत मात्र हा लाभ २०२३ च्या चाचणीत दिसून आला नाही. म्हणजे प्रश्न रुग्णागणिक बदलतो.

'मग शमन करावे' असे म्हणणेही तितकेच घाईचे ठरेल. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये टीएनएफ हा संकेत अडविण्याचा प्रयोग झाला, तेव्हा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोगाचे झटके उलट वाढले. त्याच रोगात श्वेतपेशींना अवरोधावर चिकटू न देणारे नॅटालिझुमॅब झटके खरोखर कमी करते. पण २००४ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध मेंदूच्या जीवघेण्या विषाणुसंसर्गामुळे २००५ मध्ये बाजारातून काढावे लागले आणि २००६ मध्ये कडक निर्बंधांसह परत आले. पहारा ढिला केला तर चोर शिरतो, अति केला तर घरच्यांनाच मार बसतो.

आपल्या शास्त्राला हे अपरिचित नाही. व्याधिक्षमत्वाचा अर्थ सांगताना चक्रपाणींनी रोगाच्या बलाला विरोध आणि रोगोत्पत्तीला प्रतिबंध अशा दोन बाजू सांगितल्या. 'वाढवा' असा सरसकट आदेश त्यात नाही. तो आपण जाहिरातीतून उचलला.

आता घृताविषयी. 'घृत स्निग्ध असल्याने औषध थेट मेंदूत पोहोचते' असे वाक्य अनेक माहितीपत्रकांत आढळते. स्निग्ध व लहान रेणू हा अवरोध तुलनेने सहज ओलांडतात, हे खरे. पण तूप तसेच्या तसे रक्तात जात नाही. आतड्यात त्याचे विघटन होते, पेशींत पुन्हा जुळणी होऊन ते रसवाहिन्यांतून रक्तात येते. शिवाय अवरोधाच्या पेशींत नको असलेले रेणू परत रक्तात ढकलणारे पंप आहेत. ब्राह्मीघृताची उपयुक्तता मी नाकारत नाही, मी स्वतः ते देतो. पण अनुभव हा अनुभव म्हणून सांगावा. त्याला अप्रमाणित यंत्रणेचा मुलामा कशाला?

सर्वांत चिंता वाटते ती उन्माद व अपस्मार म्हणून आपल्याकडे येणाऱ्या तरुण रुग्णांची. काही दिवसांत वागणे बदलले, असंबद्ध बोलणे सुरू झाले, झटके आले, तोंडाच्या विचित्र हालचाली दिसू लागल्या, तर एनएमडीए ग्राहकाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी होणारा मस्तिष्कशोथ मनात आणावा. २००७ मध्ये वर्णिलेल्या या विकारात, विशेषतः तरुण स्त्रियांत, बीजकोशात गाठ असू शकते. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन व गाठ काढणे यांनी पुष्कळ रुग्ण सावरतात, आणि उपचार लवकर झाल्यास अधिक चांगले सावरतात. अशा रुग्णाला पंधरा दिवस गुळवेलीवर ठेवणे म्हणजे ते पंधरा दिवस गमावणे. गुळवेलीचा विषय निघालाच आहे तर हेही नोंदवावे की, साथीच्या काळात ती घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्नही निघाला. वाद असो, स्वप्रतिकारजन्य विकाराच्या रुग्णाला ती देण्यापूर्वी विचारपूस करणे वैद्याला जड नाही.

दुकानदार बंधूंसाठी एवढेच: मेंदूचे विकार १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात आहेत, तेव्हा तसा दावा असलेले माहितीपत्रक गल्ल्यावर ठेवू नये. आणि कोणी मल्टिपल स्क्लेरोसिसचे किंवा क्षयाचे औषध चालू असल्याचे सांगून 'शक्तीचे काहीतरी' मागितले, तर डबा देण्याआधी त्याची चिठ्ठी पाहावी व त्याला वैद्याकडे पाठवावे. ताप, डोकेदुखी, उलटी, मान ताठ किंवा झोपाळूपणा असेल तर वैद्याकडेही नको, सरळ रुग्णालयात.