रान विकलं, वाट कुठे गेली?

पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे थोडेफार पैसे साठले आहेत, त्यांच्यात हल्ली एक नवी हौस दिसते. फार्महाऊस आता जुनं झालं. एखादं लहानसं जुनं रान विकत घ्यायचं, त्यात एकच खोली बांधायची, झाडं आहेत तशी ठेवायची आणि महिन्यातून दोन दिवस तिथं शांत बसायचं. ही हौस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मला कोणी असं रान दिलं तर मी नको थोडीच म्हणणार आहे! शिवाय अशा लोकांनी जमीन घेतली नाही तर ती कोण घेतं, हे रांजणगावच्या परिसरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. एमआयडीसी आली, नगर रस्त्याच्या कडेनं कंपन्या उभ्या राहिल्या आणि गुंठ्यागुंठ्याला भाव आला. जेसीबी आला की शंभर वर्षांची चिंच अर्ध्या दिवसात आडवी होते. तेव्हा ‘आम्ही निदान झाडं तरी वाचवली’ असं कोणी म्हणालं, तर ते खोटं नसतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. झाडं वाचली, पण त्या झाडांखाली रोज ज्यांचे पाय पडत होते त्यांचं काय झालं?

मी या भागात बचत गटांचं आणि कौटुंबिक तंट्यांचं काम करते. इथल्याच एका वाडीतली ही गोष्ट आहे. वाडीचं नाव मुद्दामच देत नाही. आपला शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. जंगल म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं जी हिरवी गर्दी येते, ती इथं नाही. माळ, गवत, बोरी-बाभळी, हिवर. मात्र ओढ्याकाठी कुठं कुठं चिंचेची, करंजाची जुनी बनं टिकून आहेत. आपल्याच तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीचे मोर पाहायला माणसं लांबून येतात, ते मोर चिंचांच्या अशाच दाटीत राहतात. वाडीचं बन चारेक एकरांचं, मध्ये एक म्हसोबा. सातबारावर ते एका कुटुंबाचं. पण मालक कोण हे कुणाला विचारावंच लागलं नव्हतं, कारण आत जायला कुणाची आडकाठी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ते पुण्याच्या एका नवरा-बायकोनं घेतलं. दोघंही शिकलेली, सरळ माणसं. त्यांनी एक फांदीसुद्धा तोडली नाही. फक्त तारेचं कुंपण घातलं, गेट बसवलं आणि एक राखणदार ठेवला.

आता त्या बनातून बायांना काय मिळत होतं ते पाहू. माघ-फाल्गुनात चिंच पिकली की खाली पडलेली चिंच बाया गोळा करायच्या. घरी आणून, टरफल काढून, फोडून, चिंचोके वेगळे करून विकायच्या. चिंचोक्यालाही गिऱ्हाईक असतं. रक्कम मोठी नव्हे, पण ती थेट बाईच्या हातात यायची. नवऱ्याच्या खिशातून मागून घ्यावी लागायची नाही. गटाचा हप्ता बऱ्याच जणी त्यातूनच भरायच्या. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना जायच्या, आणि घरातली शेळी ही बहुतेक बाईचीच असते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस घरात आला. पण दुसरी टाकी भरायची म्हणजे पैसे मोजावे लागतात, म्हणून आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं आणि वाळकी काटकी बनातूनच यायची. आणखी एक गोष्ट, जी सभेत कोणी बोलत नाही. संडास बांधले, पण उन्हाळ्यात त्यात ओतायला पाणी नसतं. तेव्हा आडोसा बनाचाच होता. कुंपण झाल्यावर बायांना अंधारात रस्त्याच्या कडेला जावं लागतं, जिथं रात्रपाळीच्या गाड्यांचे दिवे अंगावर येतात.

यातलं काही म्हणजे काहीही सातबारावर नाही. ‘इतर अधिकार’ असा रकाना त्यात आहे. बँकेचा बोजा त्यात लगेच चढतो, पण वाडीच्या बायांची चिंच तिथं चढवायचं आजवर कुणाला सुचलं नाही. खरेदीखतात एक ठरलेला मजकूर असतो, की सदर मिळकत निर्वेध व बिनबोजाची आहे, तिच्यावर अन्य कोणाचा हक्क नाही. वाडीतल्या बायांचा सगळा वाटा त्या एका वाक्यात नाहीसा झाला, आणि ते वाक्य लिहिताना कुणाला आपण खोटं लिहितो आहोत असं वाटलंही नाही.

याच व्यवहारात बायांची सही मात्र लागली. मालकांना तीन बहिणी. घेणाऱ्यांच्या वकिलानं वारसांचे कागद चोख हवेत असं सांगितलं, ते बरोबरच होतं. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली, आणि वडील त्या वेळी हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं पक्कं केलं. इतकी वर्षं झगडून बाईचं नाव कायद्यात आलं. गावात त्याचा उपयोग काय झाला? जमीन विकायची वेळ आली की बहिणींना जेवायला बोलावतात, साडी नेसवतात आणि शिरूरला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. ‘भावाकडं पैसे मागतेस?’ या एका वाक्यापुढं कायदा गप्प होतो. दबावानं घेतलेल्या सहीला कोर्टात आव्हान देता येतं, हे आम्ही शिबिरात सांगतो. बाया ऐकून घेतात आणि हसतात.

या तिघींपैकी एक परित्यक्ता. बारा वर्षांपासून भावाच्या पडवीत राहते. ती मला म्हणाली, “ताई, सही नाही केली तर रात्री निजू कुठं?” फाल्गुनात त्याच बनात चिंच वेचून ती आपल्या मुलीची वह्या-पुस्तकं घ्यायची. मालकीण म्हणून तिचा हक्क तिनं सहीनं सोडला आणि वेचणारी म्हणून जो होता तो कुंपणानं गेला. दोन्हींचा मोबदला शून्य.

लगेच कोणी म्हणेल, पूर्वी सगळं सामायिक होतं तेच बरं होतं. मला ते इतकं सोपं वाटत नाही. आपल्याकडं जुनी रानं राखली ती देवाच्या नावानं. महाराष्ट्रात अडीच हजारांहून जास्त देवराया नोंदल्या गेल्या आहेत. पुणे जिल्ह्यातल्या देवराया मुख्यतः पश्चिमेच्या मावळ, मुळशी, आंबेगाव अशा तालुक्यांत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची देवराई वनखातं तोडणार होतं, तेव्हा गावकऱ्यांनी या अभ्यासकांची मदत घेऊन ती वाचवली, कारण गावचा ओढा तिच्यावर वाहत होता. गाव राखू शकतं, याचा हा पुरावा. पण याच देवरायांपैकी कितीतरी ठिकाणी पाळी आलेल्या बाईला पाऊल टाकायची मनाई आहे, काही ठिकाणी तर बाईला आत जायलाच बंदी. देवाचं रान, गावाचं रान, आणि निर्णय पंचांचा. तेव्हा ‘खाजगी नको, गावाचं हवं’ एवढं म्हणून आपलं काम भागत नाही. गाव म्हणजे कोण, हे आधी विचारावं लागतं.

जुनी वाट विकण्यानं मिटलीच पाहिजे असं काही नाही. इंग्लंडात १६०० सालाच्या आधीपासून सलग टिकलेल्या वनाला प्राचीन वन म्हणतात आणि तिथंही लोक हौसेनं त्याचे लहान तुकडे विकत घेतात. पण १९४९ च्या कायद्याप्रमाणं पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार झाले आहेत. नकाशावर असलेली सार्वजनिक पायवाट मालक बदलला म्हणून बंद होत नाही. खरं तर इतक्या लांब जायलाही नको. आपल्याच विदर्भात लोकांनी सरपण, चराई, वाट यासाठी वापरायच्या जागांच्या नोंदी निस्तार पत्रकात सापडतात. वनहक्क कायद्यानं, म्हणजे २००६ च्या, जोडप्याला मिळणारा पट्टा दोघांच्या नावानं द्यायचं बंधन घातलं. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक रान खाजगी मालकीचं. तिथं संगमेश्वर भागात एका संस्थेनं मालकांशी करार करून, मोबदला देऊन रान न तोडण्याची हमी घेतली. जमीन विकत न घेताही रान राखता येतं, एवढं त्यावरून दिसतं. अर्थात मोबदला मालकाला जातो, आणि मालक म्हणून नाव बहुधा पुरुषाचं असतं, हा आपला प्रश्न तिथंही उरतोच.

मैत्रिणींनो, आपापल्या भागात असा व्यवहार कानावर आला तर तो होण्याआधी हलायला हवं. विकत घेणाऱ्यांशी भांडण काढायची गरज नाही. ते बहुधा ऐकणारे असतात, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यांना एवढंच विचारायचं, की बहिणींच्या वाट्याची रक्कम बहिणींच्या नावच्या चेकनं दिली का, आणि बनात कोण कोण येतं हे वाडीतल्या बायांना विचारलं का. व्यवहार होऊन गेला असेल तर मुदतीकडं लक्ष द्या. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडं दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, पण ती जमीनधारकाला. जिच्या नावावर गुंठाही नाही तिला ते कलम उपयोगाचं नाही. सुविधाधिकार कायदा १८८२ चा. त्याप्रमाणं वीस वर्षं उघडपणे, खंड न पडता केलेली वहिवाट हक्क ठरू शकते. पण ती परवानगीनं केलेली नसावी लागते आणि सिद्ध करावी लागते.

आमच्या वाडीत सहा महिने केव्हाच उलटून गेले होते. म्हणून आम्ही नव्या मालकांशी बोललो. माघ ते चैत्र चिंच वेचायला गेट उघडं ठेवायचं आणि ओढ्यालगतची वाट बारा महिने मोकळी सोडायची, याला दोघंही तयार झाली. बाई तर म्हणाल्या, आम्हाला कोणी बोललंच नाही. ते तोंडी पुरे असं त्यांचं म्हणणं, पण बायांना ते लेखी हवं आहे. राखणदार बदलतात, आणि उद्या हे बनही पुन्हा विकलं जाईल. मसुदा तयार आहे. अडलं आहे ते दुसरा पक्षकार कोण यावर. सरपंचांना तिथं ग्रामपंचायत हवी. बायांना ते मान्य नाही, कारण ग्रामपंचायत हो म्हणते आणि नाहीही म्हणते. बचत गट नोंदणीकृत नाही, त्यामुळं त्याचं नाव चालत नाही. शेवटी अकरा जणींची नावं घालायचं ठरलं आहे. त्यातल्या चौघी सून म्हणून वाडीत येऊन अजून वीस वर्षं झालेली नाहीत, म्हणून त्यांच्या सासवांची नावं आधी घेतली. भावाच्या पडवीत राहणारीचं नाव पहिलं आहे. तिच्या भावाला अजून सांगितलेलं नाही.